परिचयाची गरज नाही

मराठी कार्यक्रमात पाहुण्यांची ओळख करून देताना पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘आजच्या प्रमुख पाहुण्यांना खरं तर परिचयाची गरज नाही.’ त्यानंतर दहा मिनिटं परिचय चालतो. तो निवेदिकेने लिहिलेला नसतो. चार दिवस आधी संयोजकांनी फोन करून ‘सर, थोडी माहिती पाठवाल का, सवडीने’ असं विचारलेलं असतं आणि सरांनी सवडीची वाट न बघता दोन पानं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली असतात. त्यात ‘त्यांच्या सिद्धहस्त लेखणीतून’ असं असतं, ‘माणूस म्हणूनही ते तितकेच मोठे आहेत’ असंही असतं. निवेदिका वाचत असते. लिहिणारे शेजारीच मान खाली घालून, हाताने ‘पुरे, पुरे’ अशी खूण करत बसलेले असतात, पण एखादा पुरस्कार वाचायचा राहून तर जात नाही ना, याकडे त्यांचे कान असतात. सभागृहात हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणालाही त्यात गैर वाटत नाही. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा लेखक-परिचय, दिवाळी अंकातल्या कथेखालच्या दोन ओळी, लग्नाच्या बायोडेटातलं ‘मनमिळाऊ स्वभाव’, हे सगळं ज्याचं त्यानेच लिहिलेलं असतं. आणि सगळं तृतीय पुरुषात.

अशा वातावरणात वाढलेला माणूस एके दिवशी विकिपीडियावर येतो. पानाच्या डोक्यावर ‘संपादन’ असं लिहिलेलं त्याला दिसतं. हे निमंत्रण आहे असं तो समजतो, आणि ते निमंत्रणच असतं. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेला आणि १ मे २००३ पासून मराठीतही असलेला हा ज्ञानकोश कुणीही यावं, लिहावं, याच बोलीवर उभा आहे. त्याची विनंती इतकीच की, एक विषय सोडा. स्वतः. स्वतःवर लिहू नका, बायकोवर लिहू नका, साहेबांवर लिहू नका, आपल्या कंपनीवर लिहू नका, आणि कुणी पैसे दिले असतील तर ते जाहीर केल्याशिवाय त्याच्यावर तर मुळीच लिहू नका. म्हणजे आयुष्यभर ज्या एका विषयाचा मन लावून अभ्यास केला, नेमका तोच वर्ज्य.

अगदीच राहवत नसेल तर पानाला जोडून एक ‘चर्चा’ नावाचं पान असतं. तिथे जाऊन ‘माझं जन्मगाव चुकलं आहे, हा पुरावा’ असं लिहावं आणि दुसऱ्या कुणाला तरी ते पटून तो दुरुस्त करील याची वाट बघावी. स्वतःच्या जन्मगावासाठी अर्ज करायचा. निम्मे लोक इथेच उठून जातात.

फिलिप रॉथ उठले नाहीत. अमेरिकेतले एवढे मोठे कादंबरीकार, त्यांची ‘द ह्यूमन स्टेन’ २००० साली आली. विकिपीडियाच्या पानावर असं होतं, की ही कादंबरी अनातोल ब्रॉयार्ड या समीक्षकाच्या आयुष्यावरून सुचली असावी. रॉथ म्हणाले, छे, मला ती सुचली प्रिन्स्टनमधले माझे मित्र, समाजशास्त्राचे प्राध्यापक मेल्विन ट्यूमिन यांच्यावर गुदरलेल्या एका प्रसंगावरून. २०१२ मध्ये त्यांनी आपल्या माणसाकरवी दुरुस्ती करायला घेतली. तिकडून उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा : लेखक हा स्वतःच्या पुस्तकाचा सगळ्यांत मोठा जाणकार, हे आम्हाला मान्य आहे, पण आम्हाला दुय्यम स्रोत लागतो. रॉथ खवळले. त्यांनी विकिपीडियाला उद्देशून एक लांबलचक अनावृत पत्र लिहिलं आणि ते ‘द न्यू यॉर्कर’मध्ये छापून आलं. छापून आलं म्हणजे स्रोत झाला! मग त्याच पत्राचा दाखला देऊन रॉथ यांचं म्हणणं रीतसर पानात आलं. रॉथ बोलले तेव्हा पुरावा नव्हता, रॉथ बोलले असं छापून आल्यावर झाला.

या गोष्टीत लोक रॉथ यांच्या बाजूने हळहळतात. मी कोशाच्या बाजूचा आहे. आपल्याला काय कशावरून सुचलं, याबद्दल लेखक कधी काय सांगेल याचा नेम नसतो. पहिल्या आवृत्तीतली कवितेची प्रेरणा तिसऱ्या आवृत्तीच्या मनोगतात बदललेली आपण पाहिलेली आहे, विशेषतः मधल्या काळात कवीचं लग्न झालं असेल तर.

आणि हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. खुद्द विकिपीडिया सुरू करणारे जिमी वेल्स स्वतःच्या पानावर हात फिरवत होते, असं २००५ च्या डिसेंबरात उघडकीला आलं. लॅरी सँगर हे विकिपीडियाचे सहसंस्थापक, असा जो उल्लेख होता तो ते काढून टाकत होते. बोभाटा झाल्यावर, असं करायला नको होतं, असं ते म्हणाले. संस्थापक कोण आणि सहसंस्थापक कोण, हा वाद काय असतो ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे तो गणेश मंडळाच्या पावतीपुस्तकावर तीन-तीन पिढ्या चालतो. त्या मानाने आपले श्रीधर व्यंकटेश केतकर सरळ मनाचे. तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश त्यांनी काढला आणि तो काढताना जे काही सोसलं, त्यावर ‘माझे बारा वर्षांचे काम’ असं रोखठोक नाव देऊन वेगळं पुस्तक लिहिलं. ‘माझे’ म्हणजे माझे. वाचणाऱ्याला आत काय असणार ते बाहेरूनच कळलं.

बाकीच्यांना मात्र तृतीय पुरुष लागतो आणि तिथेच ते सापडतात. स्वतःवर लिहिलेलं पान ओळखायला हेर नेमावे लागत नाहीत. परक्या माणसाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, की यांना चौथीत हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं आणि ते तत्कालीन मामलेदारांच्या हस्ते होतं. परका माणूस ‘बालपणापासूनच’ हा शब्द वापरत नाही, कारण तो बालपणी तिथे नव्हता. परका माणूस ‘अष्टपैलू’ म्हणून थांबला असता. हा पैलू मोजून दाखवतो. पानावरचा फोटो बघावा. अंगावर शाल, हातात श्रीफळ, शेजारी माजी मंत्री, आणि छायाचित्र कुणाचं या रकान्यात लिहिलेलं असतं ‘स्वतःचे काम’. दोन्ही हात नारळात गुंतलेले असताना हे काम कसं साधलं, ते कळत नाही.

मग ‘इतिहास’ उघडायचा. पानाच्या इतिहासात कोणी, केव्हा, काय बदललं याची नोंद असते आणि ती लिहिणाऱ्याला पुसता येत नाही. खातं रात्री पावणेदहाला उघडलेलं. सदस्यनाम ‘सत्यशोधक’ आणि पुढे जन्मसाल. दहाला संपूर्ण चरित्र एका दमात चढवलेलं. मग साडेबारापर्यंत बारीक बारीक बदल : ‘ज्येष्ठ’ काढून ‘ख्यातनाम’, ‘ख्यातनाम’ काढून ‘ज्येष्ठ व ख्यातनाम’, आणि मध्येच एकदा, कदाचित पाणी पिऊन आल्यावर, दोन्ही काढून नुसतं ‘कवी’. ते चार मिनिटं टिकलं. त्या चार मिनिटांबद्दल मला त्या माणसाविषयी खराखुरा आदर वाटतो.

याबाबतीत चौकातला फ्लेक्स जास्त प्रामाणिक. वर कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान, भावी नगरसेवक वगैरे मजकूर असतो हे खरं, पण खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून तीस-पस्तीस जणांची नावं, गॉगल लावलेल्या फोटोंसकट. कोणाचं काय कुठे अडकलंय ते सिग्नल सुटायच्या आत कळतं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०१४ च्या जूनमध्ये वापराच्या अटींत कलम घातलं, की पैसे घेऊन लिहिणाऱ्याने आपण कुणाकडून घेतले आणि कुणासाठी लिहितोय ते उघड करावं. आमच्या चौकात हे कलम त्याच्या कितीतरी आधीपासून पाळलं जात होतं.

मी विकिपीडियावर अधूनमधून शुद्धलेखन, तारखा असली मोलमजुरी करतो, हे आमच्या इमारतीत कुणाला कळायला नको होतं. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. नावावर कवितासंग्रह आहेत, सगळे देखणे आहेत. त्यांनी एकदा जिन्यात गाठलं.

‘तुम्ही त्या विकिपीडियावर लिहिता म्हणे.’

‘थोडंफार, सर.’

‘मग आमच्यावरही एक छोटंसं... म्हणजे मला काही हौस नाही. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही गूगलवर सापडत नाही.’

‘सर, आपली रोजची ओळख. मी लिहिलं तर बरं दिसणार नाही.’

‘अहो, ओळख आहे म्हणून तर तुम्हाला सांगतोय! ओळख नसलेला माणूस माझ्यावर कशाला लिहील?’

याला उत्तर नव्हतं. मी त्यांच्या घरी जाऊन उल्लेखनीयतेचा निकष समजावून सांगितला : आपल्याशी संबंध नसलेल्या लोकांनी, भरवशाच्या ठिकाणी, आपल्याविषयी काही सविस्तर लिहिलेलं हवं. सरांनी लगेच कपाटावरून फाइल काढली. प्लॅस्टिकच्या पानांत पिवळी पडलेली कात्रणं. पहिलं परीक्षण त्यांच्या विभागातल्या सहकाऱ्याचं होतं. दुसरं त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचं, आणि त्यावर तारीख होती प्रबंध सादर करायच्या आदल्या महिन्याची. तिसऱ्याखाली नावच नव्हतं.

‘हे कुणाचं?’

‘ते... संपादकांनी मागवून घेतलं होतं.’

‘त्यांनीच लिहिलंय ते,’ बाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. ‘दोन वाजेपर्यंत जागत होते. मला तीनदा वाचून दाखवलं.’

मी विषय बदलला. आपल्यावर लेख असणं ही चांगलीच गोष्ट असते असं नाही, असं बजावणारं एक स्वतंत्र पान इंग्रजी विकिपीडियावर आहे. ते मी त्यांना मराठीत सांगितलं. ‘सर, एकदा पान झालं की ते तुमचं राहत नाही. उद्या कुणीही येऊन त्यात काही घालील. स्रोत भक्कम असला तर ते काढताही येत नाही. मागे तुमची कविता अभ्यासक्रमातून वगळली होती, ती बातमी पेपरात आहे.’

सर ताठ झाले. ‘ती बातमी कशी चालेल? तो वार्ताहर त्यांच्याच गटातला. त्याचा मेहुणा अभ्यास मंडळावर होता! ह्याला तुम्ही स्वतंत्र स्रोत म्हणता?’

नियम त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळलेला होता.

सरांसारखी माणसं निदान आपल्या घरातून लिहितात. मोठी कार्यालयं ऑफिसच्या वेळात लिहितात. खातं न उघडता लिहिलं की त्या काळी संगणकाचा आयपी पत्ता सगळ्यांना दिसायचा, आणि लिहिणाऱ्याची समजूत अशी, की नाव दिलं नाही म्हणजे आपण कुणाला दिसत नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये कॅलटेकमधल्या व्हर्जिल ग्रिफिथ या विद्यार्थ्याने ‘विकिस्कॅनर’ नावाचं साधन तयार केलं. सुमारे ३.४ कोटी बिननावाचे बदल आणि त्यांचे पत्ते कोणत्या संस्थेचे, याची त्याने नुसती सांगड घातली. आपल्याला न आवडणाऱ्या संस्थांची थोडी फजिती करावी हा आपला हेतू आहे, हे त्याने लपवलं नाही. म्हणजे या सगळ्या प्रकरणात हितसंबंध जाहीर करणारा तो एकटाच. मतदान यंत्रं बनवणाऱ्या डीबोल्ड कंपनीच्या पत्त्यावरून त्या यंत्रांवरच्या टीकेचे परिच्छेदच्या परिच्छेद उडवलेले निघाले. व्हॅटिकनच्या पत्त्यावरून आयरिश नेते गेरी अ‍ॅडम्स यांच्या पानावर हात फिरलेला होता. आणि अमेरिकेच्या सीआयएच्या पत्त्यावरून इराणचे अध्यक्ष अहमदीनेजाद यांच्या पानात कुणी तरी नुसता रडण्याचा आवाज लिहून ठेवला होता, ‘व्वाऽऽऽ’ असा काहीतरी. इराणविषयी त्या संस्थेचे मनसुबे काय असतील याची जग चिंता करत होतं, तेव्हा तिथे दुपारच्या जेवणानंतर हे चाललं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या एका वर्तमानपत्राने खासदार मार्टी मीहन यांच्या कार्यालयाला असंच पकडलं. कर्मचाऱ्यांनी साहेबांचं पान काढून तिथे कार्यालयात तयार केलेलं चरित्र घातलं होतं. या बदलीत एक वाक्य गळलं. आपण चारच वेळा निवडणूक जिंकू आणि घरी जाऊ, असं वचन मीहन यांनी दिलं होतं, ते. त्या वेळी ते सातव्यांदा निवडून आलेले होते. कर्मचाऱ्यांचा सोसही समजण्यासारखा आहे, कारण साहेब घरी गेले की तेही घरीच जाणार.

कंपन्यांचं वेगळं. त्यांना लाज नसते, बजेट असतं. एप्रिल २०१७ मध्ये बर्गर किंगने अमेरिकेत पंधरा सेकंदांची जाहिरात केली. शेवटी त्यांचाच एक कर्मचारी कॅमेऱ्याजवळ येऊन विचारतो, ‘ओके गूगल, व्हॉपर बर्गर म्हणजे काय?’ लोकांच्या घरातली गूगलची बोलकी यंत्रं टीव्हीचा आवाज ऐकून जागी व्हायची आणि विकिपीडियावरच्या लेखाची सुरुवात मोठ्याने वाचून दाखवायची. पैसे टीव्हीच्या पंधरा सेकंदांचे, उरलेली जाहिरात फुकट. त्याआधी काही दिवस त्या लेखाचं पहिलं वाक्य कुणी तरी बदलून जाहिरातीच्या भाषेत करून ठेवलेलं होतं, आणि त्या सदस्यनामाचं कंपनीच्या मार्केटिंगप्रमुखाच्या नावाशी विलक्षण साम्य होतं. पण ‘कुणीही लिहा’ म्हटलं की कुणीही लिहितं. जाहिरात लागली आणि रिकामटेकड्यांनी व्हॉपरच्या साहित्यात सायनाइड घातलं. घराघरांतली यंत्रं तेही तितक्याच गोड आवाजात सांगायला लागली. काही तासांत गूगलने तो प्रकार बंद पाडला. या उद्योगाचा शेवट काय झाला म्हणाल, तर त्याच वर्षी कानच्या जाहिरात महोत्सवात याला सर्वोच्च पारितोषिकांपैकी एक मिळालं. ते पारितोषिक व्हॉपरच्या पानात कुणी घातलं असेल, ते शोधण्याचा मी प्रयत्न केलेला नाही.

आणि जिथे माल आहे तिथे हप्ता आलाच. २०१५ च्या ऑगस्टअखेरीला इंग्रजी विकिपीडियाने ३८१ खाती एकदम बंद केली. पद्धत साधी होती. एखाद्या लहान व्यावसायिकाचा लेख नामंजूर झाला, की त्याला निरोप जायचा : आम्ही आतले आहोत, एवढे दिलेत तर पास करून देतो. पास झाल्यावर दुसरा निरोप : पान ‘सुरक्षित’ ठेवायचं तर दरमहा एवढे. हे वाचून मला परक्या देशाबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. त्याच वर्षी आणखी एक प्रकरण थेट आपल्याकडचं. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट या संस्थेशी संबंधित पानांवरची अडचणीची माहिती एक टोपणनावाचा सदस्य वर्षानुवर्षं सफाईने काढत आणि गोडगोड भरत आलेला होता, असा ठपका ठेवून इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने त्याच्यावर बंदी घातली. हा सदस्य साधासुधा नव्हता, प्रचालक होता. म्हणजे राखणीलाच होता.

एवढं सगळं पाहिल्यावर वाटतं, ज्याचा संबंध त्याला बाहेर काढा आणि विषय संपवा. मराठी विकिपीडियावर ते करून बघावं. तिथे गावांची अनेक पानं आहेत, साच्यातून काढलेली. अमुक हे महाराष्ट्र राज्यातील तमुक जिल्ह्यातील तमुक तालुक्यातील एक गाव आहे. त्याखाली मथळे : भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. पुष्कळदा मथळ्यांखाली काहीच नसतं. संबंध नसलेल्या माणसाने लिहिलेलं निःपक्षपाती पान असं दिसतं. ‘लोकजीवन’ या शब्दाखाली कोरी जागा.

ही जागा भरायला कोण येणार? ज्याचं गाव आहे तो. त्याला कुणी पैसे दिलेले नाहीत. पुण्यात किंवा अबुधाबीत नोकरी करतो, रविवारी दुपारी आपल्या गावाचं नाव टाकून बघतो आणि हे बोडकं पान बघून त्याच्या पोटात कालवतं. तो हेमाडपंती देवळाविषयी लिहितो, यात्रा कोणत्या पौर्णिमेला ते लिहितो, ओढ्याचं नाव लिहितो. हे नाव कुठल्याही नकाशात नसतं. यातलं निम्मं ‘संदर्भ हवा’ लावण्याजोगं असतं आणि निम्मं दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं. मग हळूहळू हात सैल सुटतो. ‘येथील लोक मनमिळाऊ व कष्टाळू आहेत.’ ‘येथील देवी नवसाला पावते.’ शेजारच्या गावचा कुणी तरी येऊन ‘पावते’चं ‘पावते अशी श्रद्धा आहे’ करतो. हा खऱ्या तटस्थतेचा नमुना मानावा, तर त्याच माणसाने त्याच दुपारी आपल्या गावच्या देवीला ‘जागृत’ केलेलं असतं. शेवटी दोन्ही देवींची विशेषणं काढून टाकायचं काम माझ्यासारख्या तिसऱ्या तालुक्यातल्या नास्तिकाकडे येतं, आणि दोन्ही गावांच्या चर्चापानांवर माझ्या खानदानाची चौकशी सुरू होते.

असंच एक पान मी बरेच दिवस नजरेखाली ठेवलं आहे. ‘नागरी सुविधा’ या मथळ्याखाली एक वाक्य आहे : ‘गावाच्या सर्वांगीण विकासात विद्यमान सरपंचांचा सिंहाचा वाटा आहे’, आणि कंसात नाव. वाक्याला संदर्भ नाही, म्हणून मी ते काढायला गेलो. काढण्याआधी सवयीने इतिहास पाहिला. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली त्या आठवड्यात कुणी तरी येऊन बदल केलेला होता. कंसातलं नाव तेवढं बदललं होतं, बाकी वाक्य जसंच्या तसं, आणि खाली ‘छोटा बदल’ अशी खूण.